नावाच्या पट्टीच्या खुर्च्या

पहिल्यांदाच सांगून ठेवतो, ती पट्टी माझ्याच डोक्यातून निघाली. हिलालचा त्यात काही दोष नाही. हिलाल माझ्या शेडमधला वेल्डर, पंधरा वर्षं माझ्याजवळ आहे. "भोक तिथे नको, मिस्त्री," असं तो एकदा म्हणाला होता. मी म्हटलं, तू तुझं काम कर. तो गप्प बसला, कारण मी चिडलो की दिवसभर चिडलेलाच असतो हे त्याला माहीत आहे.

जळगावजवळ पिंप्राळ्याला रेल्वे फाटकाच्या अलीकडे माझी पत्र्याची शेड. खिडक्या, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड असलं काम. एकोणनव्वद साली एक बँकेचे साहेब पुण्याहून बदलून आले, त्यांच्या लेकराची उंच खुर्ची ट्रकमध्ये मोडली होती. ती जोडायला माझ्याकडे आणली. असली वस्तू मी पहिल्यांदाच बघितली. लोखंडी पाइपाचे चार लांब पाय, वर छोटी बैठक, समोर वाटी ठेवायला फळी. लेकरू आत बसवलं की फळी लावायची, मग ते कुठे जात नाही. मी ती जोडली आणि माप कागदावर उतरवून घेतलं. पहिली खुर्ची आपली सहज करून बघितली, ती दोन दिवसांत गेली.

आता आमच्याकडे जेवायचं टेबल कोणाच्या घरात? सगळे पाटावर बसणारे. पण बायांना ती खुर्ची बरोबर कळली. खाली स्टोव्ह पेटलेला, रांगतं पोर सारखं तिकडे धावणार. ते वर बसवून टाकलं की भाकरी सुखाने थापता येते.

आणि पट्टीचं असं झालं. आमच्या खान्देशात भाच्याच्या जावळाला मामा लागतो. मामाच्या मांडीवर बसवूनच पोराचे पहिले केस काढतात, आणि मामा काहीतरी वस्तू देतो. वाटी दिली तरी तिच्यावर नाव घालून देतात, नाहीतर सासरच्यांना कळणार कसं कोणी दिली ती. मग खुर्चीवर नाव का नको? मी पितळेची पट्टी काढली, वीतभर लांब, तिच्यावर नाव कोरायचं आणि पुढच्या दोन पायांवर, बैठकीच्या अगदी खाली, दोन्हीकडे रिव्हेट मारून बसवायची. दारातून आत आलेल्या माणसाला आधी पट्टी दिसायची, मग पोरगं. 'चि. अमक्यास मामा तमक्याकडून.' लोक तिला मामाची खुर्चीच म्हणायला लागले. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात रतिलाल आला. धरणगावचा कापसाचा शेतकरी, मागच्या वर्षी त्याने भाचीसाठी खुर्ची नेली होती. टेम्पोतून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं, इकडेतिकडे बघितलं आणि मला शेडच्या मागे बोलावलं.

"मिस्त्री, हे गुपचूप वेल्डिंग करून द्या. बाहेर बोलू नका."

उजवा पाय बैठकीखाली मुडपला होता. मी विचारलं, पोर होतं का वर बसलेलं? तो जमिनीकडे बघत म्हणाला, होतं. पुढचे दोन दात गेले, ओठाला टाका पडला.

"मग गुपचूप कशाला? तुमची वस्तू मोडली, तुम्ही माझ्यावर ओरडायला पाहिजे."

"बहिणीच्या सासूला सांगितलंय, पोरगी पाळण्यातून पडली. माझं नाव आहे ना त्या खुर्चीवर."

तो गेल्यावर मी मुडपलेला पाय उजेडात धरला. वेल्डिंग शाबूत होतं. त्याच्या खाली बोटभर अंतरावर, रिव्हेटच्या भोकातून पाइप फाटला होता. एक तर पातळ पाइप, त्यात वेल्डिंगने तापलेली जागा, आणि तिथेच मी भोक पाडलेलं. मी नावाची पट्टी लावलेली एक तयार खुर्ची उचलली, वर सिमेंटची अर्धी गोणी ठेवली, आणि पोरं उड्या मारतात तशी हलवत बसलो. हिलाल मोजत होता. दोनशेच्या पुढे गेल्यावर रिव्हेटजवळ बारीक चीर दिसली. मग बिनपट्टीची हलवली. हात दुखून आले, तिला काही झालं नाही.

हिलालने चिरलेली खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली. मला बोलला असता तर बरं झालं असतं.

पट्टीच्या खुर्च्या एकंदर एकवीस गेल्या होत्या. नावं कोरायला लोक चिठ्ठ्या देत, त्या मी खिळ्याला टोचून ठेवल्या होत्या. पण चिठ्ठीवर काय, तर मामाचं नाव आणि भाच्याचं नाव. खुर्ची कोणत्या गावात, कोणत्या घरात गेली याचा पत्ता कुठेच नाही. म्हणजे आधी मामा शोधायचा, मग त्याच्याकडून बहिणीचं सासर. बायको, कुंदाबाई, म्हणाली, "एकवीस घरं तुम्ही फिरणार? गुडघे तरी चालतात का?" मी म्हटलं, एकवीस पोरं त्याच्यावर बसतात. ती मग डबा भरायला उठली.

त्यातली एकविसावी चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. 'चि. गोटूस मामा मोतीलालकडून.'

बेबाबाई माझी धाकटी बहीण, पिंपळनेरला दिलेली. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला गोटू झाला. त्या अकरा वर्षांत तिने सासूचं काय काय ऐकलं ते मला माहीत आहे. आणि त्याच गोटूच्या जावळाला मी गेलो नाही. शाळेच्या खिडक्यांचं काम अंगावर होतं, मुदत होती, असं मी सगळ्यांना सांगितलं. मुदत होती हे खरंच. पण एक दिवस निघता आलं असतं. मी एसटीच्या टपावर खुर्ची टाकून पाठवून दिली. बेबाने न्हाव्यासमोर पोराला त्या खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांना आमच्या अहिराणीत म्हणाली, मामानी मांडी नही ते मामानी खुर्ची शे, म्हणजे मांडी नाही तर खुर्ची तरी आहे. लोक हसले म्हणे. हे मला दुसऱ्याकडून कळलं, ती एका शब्दाने बोलली नाही.

आता तीच खुर्ची मी परत मागायला जायचं. कोणत्या तोंडाने?

म्हणून मी तिचं घर शेवटी ठेवलं. पिंपळनेर लांब आहे, आधी जवळची उरकू, असं मनाशी म्हटलं. एक कार्ड मात्र टाकलं. बाकी सगळ्यांना तोंडावर सांगत होतो, पोराला बसवू नका, मोडेल. बेबाच्या कार्डावर तेवढं लिहायला हात धजला नाही. लिहिलं, 'खुर्चीचे थोडे काम राहिले आहे, सवडीने येऊन करून देईन. सर्वांना नमस्कार.'

मग सुरू झाली माझी वणवण. जळगावातच पहिला मामा भेटला, झिपरू. त्याने ऐकून घेतलं आणि मलाच झापलं. "भाच्याला दिलेली वस्तू परत आणायची? माझ्या बहिणीला सासरी मान वर करता येईल का? तुम्हाला लोखंडाचा धंदा कळतो, माणसांचा कळत नाही." मी म्हटलं, झिपरूभाऊ, परत नाही आणत, बदलून देतो, नाव तेच राहील. तो म्हणाला, लोक बदललेलं नाही बघत, नेलेलं बघतात. तीन दिवस त्याच्या दारात चकरा मारल्या तेव्हा त्याने बहिणीचा पत्ता दिला.

असं प्रत्येक ठिकाणी. सायकल, एसटी, बैलगाडी, पायी. उन्हाने डोकं उकळायचं आणि शिव्या देणारा मी एकटाच, ऐकणाराही मीच. भुसावळकडच्या एका गावात खुर्चीवर टेबलफॅन बसवलेला होता आणि पोरगं खाली मातीत खेळत होतं. तिथे मला इतकं बरं वाटलं की मी दोन कप चहा प्यालो. पंखा पडला तर पडला.

भिकुबाई म्हणून एक बाई होती, पारोळ्याच्या अलीकडच्या खेड्यात. तिची खुर्ची जुन्या लुगड्याच्या पट्टीने खांबाला बांधलेली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, पोरगा हलवतो म्हणून. मी लुगडं सोडलं तर पाय लुळा पडला. दोन महिने ती खुर्ची त्या लुगड्यावर उभी होती.

"बाई, मला कळवायचं तरी. नाहीतर भावाला."

"भावाला काय कळवू? त्यानं हौसेनं दिली. वाईट वाटलं असतं त्याला."

मी तेव्हा मान हलवून पुढे गेलो. मग दुसऱ्या घरी पायाखाली वीट सापडली. तिसऱ्या घरी तारेने आवळलेला पाइप. वीस खुर्च्या गोळा केल्या तेव्हा हिशेब असा निघाला की सात खुर्च्या आधीच चिरल्या होत्या, आणि सातांतल्या एकीनेही कोणाला सांगितलं नव्हतं. रतिलालसुद्धा आला तो गुपचूप. मी पितळेवर मामाचं नाव कोरत होतो आणि प्रत्येक नावासरशी एका बाईचं तोंड बंद करत होतो. हे मला पारोळ्याच्या स्टँडवर बसून सुचलं. सुचलं तेव्हा पहिली आठवण बेबाची आली. त्या दिवशी घरी गेलो नाही, तिथूनच धुळ्याची गाडी पकडली.

धुळ्याला गाडी बदलली, साक्रीला बदलली. पिंपळनेरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कार्ड टाकून पाच आठवडे झाले होते. सगळ्या रस्त्यात मी एकच घोकत होतो, आधी पोर खाली उतरवायचं, मग पाणी मागायचं.

बेबाच्या दारात आलो आणि पाय अडखळला, कारण पाय उंच उचलायची सवय होती आणि उंबरा तेवढा उंच राहिला नव्हता. वरून चार बोटं करवतीने कापलेला, लाकूड आतून पांढरं दिसत होतं.

"भाऊ, तू उना," बेबा म्हणाली. "बठ."

ती पाणी आणायला गेली. तिची सासू झुंबरबाई खाटेवर बसून शेंगा फोडत होती, ती जरा सरकली. खाटेखाली गोटू हातात पोळी धरून बसला होता. दीड वर्षाचा, मामासारखाच डोक्याने मोठा. भुवईच्या वर आडवी लाल खूण, टाक्यांचे ठिपके अजून दिसत होते.

बेबाने आणलेला तांब्या मी न पिताच खाली ठेवला. "हे काय झालं?"

"उंबरावरतीन पडना," बेबा पटकन म्हणाली.

"तीन टाके," झुंबरबाई म्हणाली. "रक्ताने फडकं भिजलं होतं, भाऊ. मी तर हातपाय गाळले. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून उंबरा कापायला लावला. माझ्या सासऱ्यांनी बसवलेला होता तो, पण पोरापेक्षा काय मोठा."

मी बेबाकडे बघितलं. ती चहाचं आधण ठेवत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

"बेबा, खुर्ची कुठे आहे?"

"शेजारी दियेल शे. त्यासनं पोऱ्या लहान शे."

"कोणत्या शेजारी? मी आणतो."

"भाऊ, चहा पी आधी."

मी उठलो. मागच्या पडवीत गुरांचा कडबा रचलेला होता, त्याच्या मागे गोणपाट दिसलं. गोणपाट ओढलं. उजवा पाय मुडपलेला, पाइप भोकातून फाटलेला, रतिलालच्या खुर्चीसारखाच. फाटलेल्या जागी जाड तार दहाबारा वेळा गुंडाळलेली, टोकं पक्कडीने नीट आत वळवलेली. पट्टी मात्र चिंचेने घासून लख्ख ठेवलेली होती. मामा मोतीलालकडून.

बेबा मागे येऊन उभी राहिली.

"कधी पडला?" मी विचारलं.

"पंधरा रोज व्हयनात."

पंधरा दिवस. पंधरा दिवसांपूर्वी मी दुसऱ्या एका मामाच्या, झिपरूच्या मावसभावाच्या दारात बसून त्याची समजूत काढत होतो. कार्ड तर तिला त्याच्याही अडीच आठवडे आधी मिळालं होतं.

"माझं कार्ड आलं होतं ना?"

"उनं व्हतं. थोडं काम राही गये, इसन करी देसू, असं लिखेल व्हतं. मी म्हटलं येशीच तू." ती हळू बोलत होती, पुढच्या खोलीत आवाज जाऊ नये म्हणून. "खुर्ची हालेच, मन्हा ध्यानमां उनं व्हतं. पन तू येनार व्हता ना. मी कोनलेच सांगं नही. जावळले उना नही तू, अनं तुन्ही खुर्चीनं पोऱ्यानं कपाय फोडं, असं सांगू का सासूले? अकरा वरीस मी ऐकं, आते तुन्हं ऐकू?"

मी कडब्याजवळ बसलो. कार्डावर चार शब्द लिहायचे होते, पोराला त्यात बसवू नको. ते लिहिले असते तर एवढंच झालं असतं की मामाची खुर्ची कच्ची निघाली. मी आपलं नाव वाचवलं, तिनेही माझंच नाव वाचवलं, आणि मधे ते पोरगं आपटलं. वीस घरच्या बायांना मी विचारत फिरलो, तुम्ही सांगितलं का नाही. मला कोणी विचारलं नाही.

खुर्ची उचलली आणि पुढच्या खोलीत घेऊन गेलो. बेबाने माझी बाही धरली, मी सोडवली. खुर्ची झुंबरबाईच्या समोर ठेवली, मुडपलेला पाय तिच्याकडे करून.

"अक्का, गोटू उंबऱ्यावरून नाही पडला. या खुर्चीवरून पडला. इथे भोक मी पाडलं, नाव दिसावं म्हणून. तिथे पाइप फाटणार हे मला पाच आठवड्यांपासून माहीत होतं आणि मी तुम्हाला नीट कळवलं नाही. बेबाने माझ्यासाठी खोटं सांगितलं. तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला."

झुंबरबाईने हातातली शेंग खाली ठेवली. तिने खुर्चीकडे बघितलं, मग दाराकडे, कापलेल्या उंबऱ्याकडे. बेबा भिंतीला टेकून उभी होती. मग बेबाच माझ्यावर भडकली, आणि तिचं बरोबर होतं.

"कसाले सांगं तू? पंधरा रोज मी जीव मुठमां धरीसन बठनू. तू जाशी निंघी जळगावले. आठे मी रायनार शे."

मी म्हणालो, "आज नाही जात."

आधणाचं पाणी उकळून आटत होतं. मी बोलून घ्यायच्या तयारीने उभा होतो. अकरा वर्षांचं बोलणं त्या म्हातारीच्या पोटात आहे, ते आता माझ्यावर निघेल असं वाटत होतं. ती मात्र खाटेवरून उतरली, गुडघ्यावर हात टेकून दाराशी गेली, आणि उंबऱ्याच्या पांढऱ्या लाकडावरून हात फिरवला.

"फुकट कापला," ती म्हणाली. "सून मला सांगायला भ्यायली. म्हणजे मीही काही कमी नाही."

मग तिने खाटेखालून गोटूला ओढलं, त्याच्या हातातली पोळी झटकली आणि मला म्हणाली, "बसा. घ्या मांडीवर. जावळाला राहिलं ते आज करा. खुर्च्या बिर्च्या आता पुरे."

मी तिच्या मागोमाग दाराशी आलो होतो, तिथेच बसलो, म्हणजे उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण त्या दिवशी कोणी हटकलं नाही. झुंबरबाईने पोर माझ्या मांडीवर दिलं. ते जड होतं, मला वाटलं होतं त्याहून जड, आणि अनोळखी माणूस बघून रडलं नाही. माझ्या शर्टाचं बटण धरलं आणि दोन्ही पाय माझ्या मांडीत रोवून वरखाली उड्या मारायला लागलं. दोनशे उड्यांचं गणित मला पाठ होतं. गुडघा दुखत होता, दुखू दिला.

बेबाने आटलेल्या आधणात पुन्हा पाणी ओतलं. तिचा राग गेलेला नव्हता, तो काही लवकर जाणारही नव्हता. पाठमोरी असूनच ती बोलली.

"दोन्ही हातवरी धर त्याले, भाऊ. उड्या मारस तो."